सांगलीच्या फोटो स्टुडिओसाठी नॅस: काय घ्यावं, कसं बसवावं आणि दुसरी प्रत कुठे ठेवावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. हरभट रोडजवळ तळमजल्यावर चार जणांचा फोटो स्टुडिओ आहे. अकरा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर मिळून साधारण ९ टीबी डेटा पडून आहे आणि दरवर्षी ४ टीबीची भर पडते. एडिटिंगला दोन विंडोज पीसी आणि एक मॅक आहे. दुकानदाराने चार डिस्कचं नॅस, म्हणजे सगळ्या संगणकांना नेटवर्कवरून वापरता येणारा डिस्कचा डबा, रेड ५ मध्ये लावून द्यायचं कबूल केलंय आणि 'मग वेगळ्या बॅकअपची गरज नाही' असं सांगितलंय. इन्व्हर्टर आहे. ग्राहकांना घरबसल्या फोटो उतरवून घेता यावेत अशीही तुमची इच्छा आहे. भाऊ विट्याला राहतो.

आधी दुकानदाराच्या त्या वाक्याचं बघू, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. रेड म्हणजे बॅकअप नाही. रेड ही अनेक डिस्क एकत्र बांधून चालवायची पद्धत; एखादी डिस्क गेली तरी काम थांबू नये, एवढ्यासाठीच ती असते. तुमच्या मुलाने चुकून लग्नाचं फोल्डर डिलीट केलं, तर ते त्याच क्षणी सगळ्या डिस्कवरून डिलीट होतं. पीसीत रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं आणि फाइली कुलूपबंद झाल्या, तर त्या कुलूपबंद फाइलीच रेडमध्ये सुरक्षित राहतात. शिवाय चारही डिस्क एकाच डब्यात, एकाच टेबलावर असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. हरभट रोडला तळमजल्यावर असलेल्या माणसाला मी याहून जास्त काही सांगायला नको.

म्हणून माझं पहिलं सांगणं: नॅस कुठल्या कंपनीचं घ्यायचं हे नंतर ठरवा. दुसरी आणि तिसरी प्रत कुठे असेल ते आधी ठरवा आणि जवळजवळ अर्धे पैसे त्यासाठी बाजूला काढा. एवढ्याने चार डिस्कचं नॅस परवडत नसेल, तर दोन डिस्कचं घ्या, पण प्रती सोडू नका. लग्न पुन्हा शूट करता येत नाही. ज्यांच्या घरातलं एखादं माणूस त्या अल्बमनंतर गेलंय, त्यांच्यासाठी तुमच्याकडची ती फाइल हीच शेवटची असते. हे काम करताना माझ्या डोक्यात कायम तेच असतं.

आता जागेचा हिशेब. अकरा डिस्कवरच्या ९ टीबीत दुबार प्रती नक्की असतील; एकच लग्न 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'कार्डवरून' अशा तीन ठिकाणी सापडतं. साफसफाईनंतर ६-७ टीबी उरतील असा माझा अंदाज आहे, पण खरेदी ९ धरूनच करा. चार खणांचा डबा घ्या आणि त्यात सध्या १६ टीबीच्या फक्त दोनच डिस्क मिररमध्ये, म्हणजे रेड १ मध्ये लावा; दोन्हींवर तोच डेटा राहतो. दोन खण रिकामे ठेवा. १६ टीबीची डिस्क संगणकावर साडेचौदाच्या आसपास दिसेल. फसवणूक झाली असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या. नॅस ८० टक्क्यांच्या वर भरू नये, कारण पुढे ते मंदावतं आणि स्नॅपशॉटला (फोल्डरच्या गोठवलेल्या नोंदींना, त्या पुढे येतील) जागा उरत नाही. या हिशेबाने एक वर्ष निभावेल. तोवर डिस्कचे भाव बघून आणखी दोन डिस्क घाला.

मिररच का, रेड ५ का नाही? रेड ५ मध्ये जागा जास्त मिळते हे खरं. पण एक डिस्क गेली की नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारताना उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. १६ टीबीच्या डिस्कला सेकंदाला २०० एमबीचा वेग धरला तरी २२ तास लागतात, आणि त्यात स्टुडिओचं काम चालू असेल तर त्याच्या कितीतरी पट. सगळ्या डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या असतात. त्यातली दुसरी नेमकी याच वेळी गेली तर सगळंच गेलं. मिररमध्ये फक्त एका डिस्कवरून दुसरीवर कॉपी होते. वर आणखी एक फायदा आहे. डबाच जळला, तरी मिररमधली एकटी डिस्क लिनक्सच्या साध्या पीसीला लावून वाचता येते, कारण बहुतेक तयार नॅसच्या आत लिनक्सचीच रेड व्यवस्था असते. पुढे सहा-आठ डिस्क झाल्या तर रेड ६ चा, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी तग धरणाऱ्या रचनेचा, विचार करा. तुमच्या मापाला मिरर पुरे.

डिस्क घेताना एक गोष्ट खोदून विचारा: ती सीएमआर आहे की एसएमआर? सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे सुटे असतात, एसएमआरमध्ये ते एकमेकांवर अर्धवट चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सलग लिहिताना डिस्क मध्येच हळू पडते आणि नॅसला वाटतं की डिस्क मेली. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या, खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं होतं. त्या गदारोळानंतर कंपनीने 'रेड प्लस' ही सीएमआर मालिका वेगळी केली. सीगेटच्या 'आयर्नवुल्फ' सीएमआरच आहेत. १६ टीबीच्या मापात सहसा हा घोळ नसतो, पण पुढे कोणी स्वस्तातली ४ टीबीची डिस्क गळ्यात मारू लागला तर लक्षात असू द्या.

दुसरी तपासणी वॉरंटीची. डिस्क हातात आली की पाकीट फोडण्याआधी वरचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते बघा. बाहेरून आलेल्या डिस्क स्वस्त मिळतात आणि गेल्या की कोणी दारात उभं करत नाही. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघडकीला आलं. त्यांचे स्मार्टमधले, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यातले, चालू तास शून्यावर आणलेले होते, पण डिस्कच्या आतल्या 'फार्म' नावाच्या नोंदीत खरे तास शिल्लक होते. त्यामुळे नवी डिस्क लावल्यावर दोन्ही आकडे बघायचे. जमलं तर दोन डिस्क दोन वेगळ्या दुकानांतून घ्या, म्हणजे एकाच लॉटच्या निघत नाहीत.

डबा कुठला? सिनॉलॉजी, क्यूनॅप आणि असस्टोर या तिन्ही तैवानी कंपन्यांचे चार खणांचे डबे तुमच्या कामाला चालतील. जुन्या पीसीवर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट हे नॅसचं सॉफ्टवेअर टाकूनही उत्तम नॅस होतं, आणि ट्रूनॅसमधली झेडएफएस ही फाइल व्यवस्था मला मनापासून आवडते. पण ते सांभाळायला स्टुडिओत कोणीतरी हौशी माणूस लागतो. ऐन लग्नसराईत बिघाड झाला आणि तो माणूस गावाला गेला असेल तर तुम्ही अडकाल. तुम्ही तयार डबाच घ्या. फक्त घेण्याआधी त्या मॉडेलच्या यादीत तुमची डिस्क आहे का ते बघा. २०२५ मध्ये सिनॉलॉजीने नव्या प्लस मॉडेलना स्वतःच्या यादीतल्याच डिस्क लावण्याची सक्ती केली होती; त्याच वर्षी त्यांच्या डीएसएम या प्रणालीच्या ७.३ आवृत्तीत ती मागे घेतली. अशा धोरणांना आपण काही करू शकत नाही, यादी मात्र वाचू शकतो. आणि बीटीआरएफएस किंवा झेडएफएस यांपैकी एक फाइल व्यवस्था ज्यात आहे तोच डबा घ्या. ते का, ते पुढे येईल.

इन्व्हर्टरबद्दल. इन्व्हर्टरवर नॅस चालेल, पण बॅटरी संपत आल्याचं नॅसला कोण सांगणार? लाइट दोन-तीन तास गेली की इन्व्हर्टर गपकन बंद पडतो, आणि त्या क्षणी नॅस काही लिहीत असेल तर फाइल व्यवस्थेला दणका बसतो. म्हणून इन्व्हर्टरच्या पुढे एक छोटा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस लावा, ६०० व्हीएचा पुरतो, पण यूएसबी पोर्ट असलेलाच. ती यूएसबी केबल नॅसला जोडायची आणि 'बॅटरी कमी झाली की स्वतःहून बंद हो' ही सेटिंग चालू करायची. तसंच 'वीज आल्यावर आपोआप सुरू हो' हीसुद्धा. स्विच आणि राउटर याच यूपीएसवर घ्या. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते. तिची तारीख डब्यावर लिहून ठेवा. एकदा मुद्दाम भिंतीवरचं बटण बंद करून नॅस नीट झोपतं का ते डोळ्यांनी बघा. विजेचा खर्च फार नाही. सरासरी ३० वॉट धरले तर महिन्याला साधारण २२ युनिट.

जागा: जमिनीवर नको, बंद लाकडी कपाटात नको, एसीच्या पाण्याखाली नको. तळमजल्यावर पोटमाळा असेल तर तिथे, पण हवा खेळती हवी. डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या खाली राहावं. एप्रिल-मेमध्ये ते ५० च्या वर जाऊ लागलं तर पंख्याची सेटिंग वाढवा आणि जाळीतली धूळ काढा. अर्थिंग एखाद्या चांगल्या वायरमनकडून तपासून घ्या. वळवाच्या विजा नेटवर्क केबलमधूनही आत येतात.

नेटवर्क हा विषय सगळे उरकून टाकतात आणि मग 'नॅस हळू आहे' म्हणतात. इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरवर भरवसा ठेवू नका. त्याचे काही पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. वेगळा गिगाबिट स्विच घ्या, नॅस आणि तिन्ही संगणक त्याला कॅट ६ केबलने जोडा, राउटरला एकच केबल जाऊ द्या. मग प्रत्येक संगणकावर जोडणीचा वेग वाचा. तिथे १००० दिसायला हवेत. १०० दिसले तर दहात नऊ वेळा दोष केबलच्या टोकाला असतो. गिगाबिटला आतल्या चारही जोड्या लागतात. क्रिम्पिंग करताना एक तार नीट बसली नाही तर जोडणी न बोलता १०० वर उतरते, सगळं चालू दिसतं आणि कोणालाच कळत नाही. फरक किती ते बघा: ६४ जीबीचं कार्ड नॅसवर टाकायला सेकंदाला ११० एमबीने दहा मिनिटंही लागत नाहीत, ११ एमबीने दीड तासाच्या वर जातं. वाय-फायवर एडिटिंग करू नका.

आता प्रत्यक्ष बसवणं. नॅसला राउटरमधून कायमचा एकच आयपी पत्ता राखून द्या. 'अ‍ॅडमिन' नावाचं मूळ खातं बंद करा, स्वतःच्या नावाचं वेगळं व्यवस्थापक खातं उघडा आणि त्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. हे खातं रोजच्या कामाला वापरायचं नाही. चौघांना चार साधी खाती द्या. पासवर्ड नसलेलं मोकळं शेअर करू नका. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून ते तसंही उघडत नाही. एसएमबी ही नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची पद्धत; तिची जुनी १ ही आवृत्ती बंदच ठेवा. २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर त्याच वाटेने जगभर पसरलं होतं. मॅकलाही एसएमबीनेच जोडा. ॲपलची जुनी एएफपी पद्धत आता वापरण्यात अर्थ नाही.

शेअर्ड फोल्डर तीन पुरेत: 'चालू काम', 'संपलेलं काम' आणि 'ऑफिस'. अल्बम ग्राहकाच्या हातात गेला की ते लग्न 'संपलेलं काम'मध्ये हलवायचं, आणि तिथे साध्या खात्यांना फक्त वाचण्याची परवानगी द्यायची. माझ्या मते सगळ्या सेटिंगमध्ये ही सर्वात मोलाची आहे. जे फोल्डर कोणी बदलूच शकत नाही ते चुकून डिलीट होत नाही, आणि पीसीतल्या व्हायरसलाही त्याला हात लावता येत नाही. फोल्डर तयार करतानाच 'डेटा चेकसम'ची खूण करा. सिनॉलॉजीत ती नंतर चालू करता येत नाही. ही खूण असेल तर नॅस प्रत्येक तुकड्याचा शिक्का जपून ठेवतं आणि एका डिस्कवरचा तुकडा काळाच्या ओघात खराब झाला तर दुसरीवरचा चांगला तुकडा ओळखून दुरुस्त करतं. बीटीआरएफएस किंवा झेडएफएसचा आग्रह एक याच्यासाठी, आणि दुसरा स्नॅपशॉटसाठी.

फाइलींच्या नावांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण मराठीत नावं देणाऱ्यांना इथे हमखास ठेच लागते. विंडोजमध्ये नावाला २५५ अक्षरांची मर्यादा असते. नॅसच्या आतल्या लिनक्सवर ती २५५ बाइटची असते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'स्नेहल' हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचं दिसतं, पण आत स, हलन्त, न, मात्रा, ह, ल अशी सहा चिन्हं असतात, म्हणजे १८ बाइट. या हिशेबाने एका नावात जास्तीत जास्त ८५ चिन्हं मावतात. 'चि. अमोल आणि चि. सौ. कां. स्नेहल शुभविवाह सोहळा हळद व संगीत अंतिम निवड' असं नाव विंडोजवर बिनतक्रार बसतं, पण नॅसवर ते १७६ बाइट खातं, म्हणजे आणखी पाच-सहा शब्द जोडले की त्या मर्यादेला जाऊन भिडतं. फोल्डर सिनॉलॉजीच्या जुन्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेलं असेल तर मर्यादा १४३ बाइट, म्हणजे देवनागरीची जेमतेम ४७ चिन्हं. कॉपी मध्येच थांबते आणि येणारा संदेश कशाबद्दल आहे तेही धड कळत नाही. म्हणून फोल्डरचं नाव तारखेने सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि पुढे दोन आडनावं. बाकीचा तपशील आतल्या एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. मॅकवर चालणारी प्रश्नचिन्हंही नावात नकोत, विंडोजला ती चालत नाहीत.

लाइटरूम क्लासिक नेटवर्कवरचा कॅटलॉग उघडतच नाही. कॅटलॉग प्रत्येक पीसीच्या एसएसडीवर ठेवा, मूळ फोटो नॅसवर, आणि कॅटलॉगचा बॅकअप रोज नॅसवर पडू द्या. स्मार्ट प्रीव्ह्यू करून घेतले की कलिंग (फोटोंची छाननी) आणि रंगकाम भराभर होतं. व्हिडिओसाठी प्रीमियरची कॅशे आणि प्रॉक्सी स्थानिक एसएसडीवर घ्या. १०० एमबीपीएसने घेतलेलं फोरके चित्रण तासाला ४५ जीबी होतं. दोघे एकाच वेळी तसलं काम गिगाबिटवरून करू लागले की चालतं, पण टाइमलाइनवर तीन-चार कॅमेरे आले की अडखळतं. अडखळायला लागल्यावर २.५ गिगाबिटचा विचार करा, आधी नको.

स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी फोल्डर जसं होतं त्याची गोठवलेली नोंद. नंतर जेवढं बदलेल तेवढीच जागा तो घेतो. 'चालू काम'वर दर तासाला एक, तो दोन दिवस ठेवायचा. रोजचा एक, तो महिनाभर. 'संपलेलं काम'वर रोजचा एक पुरे. पीसीवरून रॅन्समवेअरने फाइली बिघडवल्या तर आदल्या तासाच्या स्नॅपशॉटवर परत जाता येतं, पण व्यवस्थापक खात्याचा पासवर्ड त्या पीसीत साठवलेला नसेल तरच. ब्राउझरने 'पासवर्ड लक्षात ठेवू का' विचारलं तर नाही म्हणा.

ग्राहकांसाठी नॅस इंटरनेटवर उघडं करायचं का? नाही. याबाबतीत मी कोणालाही सूट देत नाही. २०१४ मध्ये सिनोलॉकर, २०१९ मध्ये ईकोरेक्स, २०२२ च्या जानेवारीत क्यूनॅपवर डेडबोल्ट. नॅसच शोधत फिरणारे हे हल्ले थेट इंटरनेटवर उघड्या असलेल्या डब्यांवर झाले. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलची 'माय बुक लाइव्ह' उपकरणं दुरूनच पुसली गेली आणि लोकांचा वर्षानुवर्षांचा डेटा एका रात्रीत गेला. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट नॅसपर्यंत वाट काढून देणं) करू नका, आणि यूपीएनपी बंद करा, नाहीतर नॅस स्वतःच दार उघडून बसतं. तुम्हाला स्वतःला घरून काम करायचं असेल तर टेलस्केल किंवा वायरगार्ड हे दुरून सुरक्षित खासगी जोडणी देणारं साधन लावा. आपल्याकडचे बरेच इंटरनेटवाले शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात; राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुम्हीही त्यातलेच. तिथे वायरगार्ड सरळ लागत नाही, टेलस्केल लागतं. ग्राहकांना निवडलेल्या फोटोंची लिंक एखाद्या क्लाउड गॅलरीतून द्या. त्यांना ९ टीबीच्या घरात घ्यायची गरज नाही.

आता प्रती. १६ टीबीच्या दोन डेस्कटॉप एक्स्टर्नल डिस्क घ्या, स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेल्या. एक नॅसला जोडलेली, तिच्यावर रोज रात्री आवृत्त्यांसह बॅकअप. दुसरी विट्याला भावाकडे. दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. दोन्ही एन्क्रिप्ट करा, कारण प्रवासात पिशवी हरवू शकते, आणि किल्ली कागदावर लिहून दोन घरांत ठेवा. किल्ली फक्त नॅसमध्येच राहिली आणि नॅस गेलं तर ती डिस्क कोणीच उघडू शकणार नाही. बॅकअपसाठी 'सिंक' वापरू नका. सिंकमध्ये इकडे डिलीट झालं की तिकडेही होतं. सिनॉलॉजीचं हायपर बॅकअप घेतलंत तर त्या डिस्कवर फाइली उघड दिसत नाहीत. त्या वाचायला पीसीवर हायपर बॅकअप एक्सप्लोरर लागतो. तो आत्ताच उतरवून ठेवा. पावसाळ्यात एक नियम जास्तीचा: कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की स्टुडिओतली जोडलेली डिस्क संध्याकाळी घरी न्यायची, पाणी चढायची वाट बघायची नाही.

पुढच्या वर्षी पैसे झाले की विट्याला दोन खणांचं साधं नॅस ठेवा आणि टेलस्केलवरून रात्री प्रत जाऊ द्या. १०० एमबीपीएसचं अपलोड पूर्ण मिळालं तर १५० जीबीचं लग्न साडेतीन तासांत जातं. पहिली ९ टीबीची प्रत मात्र सांगलीतच करून गाडीतून न्यायची, नाहीतर आठवड्याच्या वर लाइन अडकून राहील.

दर तीन महिन्यांनी एखादं जुनं लग्न बॅकअपमधून दुसऱ्याच पीसीवर परत आणा आणि फोटो उघडून बघा. यादीत नाव दिसणं पुरेसं नाही, फाइल उघडली पाहिजे.

देखरेखीला फार वेळ लागत नाही. महिन्यातून एकदा स्क्रब (सगळ्या डेटाची शिक्क्याशी पडताळणी), एकदा स्मार्टची लांब चाचणी, दोन्ही वेगळ्या रात्री आणि सोमवार-मंगळवारी, कारण शनिवार-रविवारी तुमची कार्डं रिकामी होत असतात. स्मार्टमध्ये डिस्कवरच्या खराब जागांच्या तीन आकड्यांकडे बघा: क्रमांक ५, १९७ आणि १९८. हे शून्य असावेत. ५ चा आकडा एकदा वाढून थांबला तर नजर ठेवा. दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्क चालू असतानाच बदला. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा जोडणीचा असतो, डिस्कचा नाही. इशारे ईमेलवर येतात. ते लावल्यावर चाचणीचा ईमेल पाठवून तो खरंच पोहोचतो का ते बघा. प्रत्येक खणावर आतल्या डिस्कच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार अंक चिकटवून ठेवा. डिस्क गेली की घाईत चुकून चांगली डिस्कच बाहेर ओढली जाते, आणि मिररमध्ये सगळं जायला तेवढं पुरतं. बदलण्याआधी ताज्या बॅकअपची तारीख बघायची. आणि कधी नॅसने 'व्हॉल्यूम सापडत नाही, नवीन तयार करू का' असं विचारलं तर काहीही न दाबता ते बंद करा आणि जाणकाराला फोन लावा.

जुन्या अकरा डिस्क रिकाम्या करताना सर्वात जुनी आधी घ्या. लावली की आधी स्मार्ट बघा. टकटक आवाज येत असेल तर लगेच काढा, पुन्हापुन्हा लावून बघू नका; ती डेटा रिकव्हरीवाल्याकडे जाऊ द्या. आवाज नाही पण वाचताना अडखळते आहे, तर फाइली ओढत बसण्याऐवजी लिनक्सवर डीडीरेस्क्यूने आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा घ्या आणि मग त्या प्रतिमेतून फाइली काढा. धडधाकट डिस्कवरून कॉपी करा, कट-पेस्ट कधीच नाही. टेराकॉपीसारखं चेकसम पडताळणारं साधन वापरा. प्रत्येक डिस्क जशीच्या तशी तिच्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये उतरवा, दुबार फाइली शोधणं आणि नावं बदलणं सगळ्या अकरा उतरल्यावर. गिगाबिटवर ९ टीबी सलग चाललं तर एक दिवस होतो, पण लाखो छोट्या फाइलींमुळे प्रत्यक्षात आठवडा धरा. जुन्या डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. लेबलं लावून निदान वर्षभर विट्याला राहू द्या.

वेळेचं एक सांगायचं राहिलं. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात, तेव्हा निवांत बसून हे सगळं करू असं तुमच्या मनात असेल. पण जुलै-ऑगस्ट हेच पुराचे दिवस आहेत. छाननी आणि नावं बदलणं चातुर्मासात करा. नॅस, यूपीएस आणि पहिली पूर्ण प्रत मात्र मे महिन्यात उरका, आणि ती डिस्क जूनच्या आधी विट्याला पोहोचवा.